काजूच्या कारखान्यांतील स्वयंचलित यंत्रें व आपल्या बागेंतील बी

काजूचा हंगाम सरत आला कीं आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जाऊं लागला आहे. बी फोडण्याचें, गराची साल काढण्याचें व गर निवडण्याचें काम आपोआप करणारीं यंत्रें आतां बाजारांत मिळतात. तेव्हां चार-पांच बागायतदारांनीं मिळून किंवा संस्थेच्या द्वारें असें यंत्र घ्यावें काय, व घेतल्यास आपल्या मालास अधिक भाव पडेल काय, असा तो प्रश्न आहे. यांत कर्ज काढून पैसा गुंतवावयाचा असल्यामुळें त्याचें उत्तर 'होय' किंवा 'नाहीं' अशा एका शब्दांत देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. हीं यंत्रें काम कशीं करतात, त्यांस कोणत्या प्रकारचा माल लागतो, आणि तसा माल आपण आज देतों काय, हें अगोदर समजून घेतलें पाहिजे. आम्ही कांहीं यंत्रशास्त्रज्ञ नव्हों. परंतु रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांतील कांहीं लहानमोठे कारखाने आम्हीं स्वतः उभे राहून पाहिले आहेत, व तेथील जाणत्या माणसांस पुष्कळ प्रश्न विचारले आहेत. त्यावरून जें समजलें तें वाचकांपुढें ठेवितों.

'स्वयंचलित' हा शब्द ऐकून पुष्कळांची अशी समजूत होते कीं, विजेवर फिरणारें कोणतेंही यंत्र म्हणजे स्वयंचलित यंत्र. तसें नाहीं. भातगिरणींतील जुना हलर विजेवर फिरतो खरा, परंतु भात किती सोडावें, कणी फार पडूं लागली तर पट्टी किती सैल करावी, हें गिरणीवालाच ठरवितो. यंत्राचें बळ व माणसाची अक्कल अशी तेथें वांटणी आहे. उलट, घरावरील पाण्याच्या टाकींत जो तरंगता गोळा असतो तो पाहावा. पाणी चढलें कीं गोळा वर येऊन तोटी बंद करतो. पाणी उतरलें कीं तोच गोळा खालीं जाऊन ती उघडतो. त्यास वीज लागत नाहीं. पण काय घडत आहे हें ओळखणें व त्याप्रमाणें आपलें कृत्य बदलणें, हीं दोन्ही कामें तो करतो. स्वयंचलनाचें सारें मर्म या गोळ्यांत आहे. आजच्या कारखान्यांत गोळ्याच्या जागीं उष्णतामापक, वजनकांटा अथवा कॅमेरा असतो. तोटीच्या जागीं मोटर किंवा दाबलेल्या हवेची झडप असते. आणि मधला निर्णय संगणक करतो. तेव्हां यंत्र पाहतांना 'हें किती वेगानें चालतें' असें न विचारतां 'हें पाहतें काय, आणि पाहत असल्यास काय पाहतें' असें विचारावें. पुढील सर्व विवेचन या एका प्रश्नावर उभें आहे.

काजूचें झाड मूळचें ब्राझील देशांतील. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं तें आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणलें, व कोंकणच्या कातळी, निकस जमिनींत तें इतकें रमलें कीं आज त्यास परदेशी म्हणण्यास जीभ धजत नाहीं. गर डब्यांत भरून परदेशीं पाठविण्याचा धंदा मात्र विसाव्या शतकांतला. तो प्रथम केरळांत कोल्लमच्या बाजूस व मंगळूर भागांत वाढला. आपल्याकडे वेंगुर्लें हें त्याचें जुनें ठिकाण. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ सालीं वेगळा झाला, तोंपर्यंत वेंगुर्लेंही रत्नागिरी जिल्ह्यांतच मोडत असे. तेथील फळ संशोधन केंद्र दापोलीच्या कृषि विद्यापीठाकडे असून (हें विद्यापीठ १९७२ सालचें) वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ वगैरे जाती तेथूनच निघाल्या. पुढें १९९० सालीं रोजगार हमी योजनेशीं जोडलेली फळबाग लागवडीची सरकारी योजना आली आणि डोंगरउतारावर जिकडे तिकडे आंबा-काजूचीं कलमें उभीं राहिलीं. लागवड वाढली, परंतु एकाच हिश्शांत वेंगुर्ला-४ चीं दहा, वेंगुर्ला-७ चीं पंधरा, आणि बांधाला आजोबांनीं टाकलेल्या बियांचीं जुनीं झाडें पांच-सात, अशी खिचडीही झाली. वेंगुर्ला-७ ची बी सुमारें १० ग्रॅम भरते, वेंगुर्ला-४ ची पावणेआठ ग्रॅमच्या आसपास, तर गांवठी झाडाची बी पुष्कळदां ५ ग्रॅमही भरत नाहीं. या तिन्ही बिया आपण एकाच गोणींत ओततों. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिच्यावर पुन्हां येणें आहे.

आतां कारखान्यांत काय होतें तें पाहूं. बी प्रथम वाळवितात. नंतर बॉयलरच्या वाफेवर कांहीं वेळ ठेवून ती पसरून थंड होऊं देतात, व साधारण एक दिवस विसावूं देतात. त्यायोगें टरफल ठिसूळ होतें व गर टरफलापासून किंचित् सुटा होतो. मग बी फोडून गर काढतात. हा गर तांबूस सालीसह सुमारें ७० अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या हवेंत कांहीं तास वाळवितात, म्हणजे साल सुटते. साल काढून गर निवडतात, व शेवटीं हवा काढून घेतलेल्या पिशवींत किंवा डब्यांत भरतात. यांपैकीं वाफवणें, वाळवणें व भरणें या क्रियांत स्वयंचलन सहज शिरलें. बॉयलरचा दाब व वाळवण्याच्या खोलींतील उष्णता राखणें हें टाकीच्या गोळ्यासारखेंच काम आहे, व त्याविषयीं अधिक लिहिण्यासारखें कांहीं नाहीं. खरी अडचण दोनच ठिकाणीं होती. एक फोडण्याच्या व दुसरी निवडण्याच्या ठिकाणीं.

फोडण्याचें काम इतकीं वर्षें आपल्या बायकांनीं केलें. मेजावर बसविलेलीं दोन पातीं, तीं मिटविण्यास एक पायपट्टी, व फट उघडण्यास एक दांडा, एवढेंच तें साधन. एका हातानें बी पात्यांत धरावयाची, पायानें दाब द्यावयाचा, दुसऱ्या हातानें दांडा ओढावयाचा, आणि अणकुचीदार सुईनें गर अलगद बाहेर काढावयाचा. टरफलांतील तेल अत्यंत दाहक असतें. तें लागून हाताची कातडी सोलवटते म्हणून राख किंवा तेल चोळून कामास बसावें लागतें. वरवर पाहणारास हें काम अडाणी वाटतें. परंतु ती बाई काय करते हें जरा निरखून पाहावें. बी हातीं येतांच ती लहान कीं मोठी, फुगीर कीं चपटी, भरलेली कीं पोकळ, हें बोटांस कळतें, आणि त्याप्रमाणें पायाचा दाब कमीअधिक होतो. पोकळ बी ती फोडीतच नाहीं, बाजूस टाकते. म्हणजे आमच्या वरील व्याख्येप्रमाणें ती पाहतेही व कृत्य बदलतेही. आपण गोणींत केलेली खिचडी आजवर तिच्या बोटांनीं सावरून घेतली, आणि म्हणूनच तिचा दोष आपणांस कधीं दिसला नाहीं.

फोडण्याच्या यंत्रास तीं बोटें नाहींत. त्यांत बी एका थरथरणाऱ्या पन्हळींतून खालीं उतरते, खांचेंत बसते, व पात्यांच्या जोडीपुढें ढकलली जाते. दोन पात्यांमधील अंतर एका ठराविक आकाराच्या बीकरितां बसविलेलें असतें. बी त्याहून बारीक असली तर टरफल पुरतें न कापतांच ती पुढें जाते. मोठी असली तर पातें टरफल ओलांडून गरांत शिरतें व अखंड गराची पाकळी किंवा तुकडा होतो. बाजारांत अखंड गरास जो भाव तो पाकळीस नाहीं, व पाकळीस जो तो तुकड्यास नाहीं, हें सांगावयास नकोच. हें यंत्र विजेवर चालतें, अविश्रांत चालतें, पण तें आंधळें आहे. त्यास आपण स्वयंचलित म्हणतों तें केवळ बोलण्याच्या सोयीसाठीं.

रत्नागिरी तालुक्यांतील एका गांवीं आम्हीं असें यंत्र ताडपत्रीखालीं झांकून ठेवलेलें पाहिलें. गृहस्थ उद्योगी, कर्ज काढून यंत्र आणलेलें. पहिल्या हंगामांत पंचक्रोशींतून जशी बी आली तशी त्यांनीं ती वाफवून यंत्रांत सोडली. न फुटलेल्या बियांचा एक ढीग, तुकड्यांचा दुसरा, आणि मधें अखंड गर थोडके, असा प्रकार झाला. शेवटीं जुन्या बायकांस पुन्हां बोलावून काम उरकावें लागलें. आम्हांस वाटलें, यंत्र नादुरुस्त असेल; तसें विचारलेंही. गृहस्थ म्हणाले, “भाऊसाहेब, यंत्रांत कांहीं बिघाड नाहीं. बी एकसारखी नाहीं.” पुढील वर्षीं त्यांनीं आफ्रिकेंतून आलेली, आकारवार चाळलेली बी व्यापाऱ्याकडून घेऊन तेंच यंत्र चालविलें, व तें व्यवस्थित चाललें. त्यांच्या कुंपणापलीकडे आमच्याच एका सभासदाची काजूची बाग आहे. त्या बागेची बी त्या वर्षीं दूरच्या व्यापाऱ्यास पडत्या भावानें गेली.

ही हकीकत एका कारखान्याची असली तरी तिचें मूळ फार दूरवर आहे. आयव्हरी कोस्ट वगैरे पश्चिम आफ्रिकेंतील देशांत कच्ची बी अमाप पिकते, व ती जहाजांनीं भारतांत व व्हिएतनाममध्यें येते. व्हिएतनामने फोडण्याचीं व सोलण्याचीं यंत्रें स्वतःच बनवून कारखाने त्यांवर चढविले, आणि २००६ सालीं गराच्या निर्यातींत आपल्या देशास मागें टाकलें. तेथील यंत्राची किंमत भरून यावयाची तर तें वर्षभर चाललें पाहिजे. आणि वर्षभर चालावयाचें तर चाळलेली, वाळलेली, टिकाऊ बी हजारों गोण्यांनीं मिळाली पाहिजे. जो देश अशी बी देतो त्याचा माल यंत्र घेतें. कोंकणच्या गराची चव श्रेष्ठ आहे असें आपण अभिमानानें म्हणतों, व तें आम्हांसही मान्य आहे. पण फोडणारें यंत्र चव पाहत नाहीं.

आतां दुसरें यंत्र. गर निवडण्याचें हें यंत्र, ज्यास व्यापारी लोक 'कलर सॉर्टर' म्हणतात, तें मात्र खरोखर डोळस आहे. (मोठ्या भातगिरण्यांत तांदुळांतील काळा दाणा काढण्यास हेंच यंत्र असतें, कांहीं वाचकांनीं तें पाहिलें असेल.) गर वरच्या हौदांतून उतरत्या पन्हळींवर एकेरी ओळीनें घसरतात. पन्हळ संपून गर अधांतरीं पडत असतां दोन्ही बाजूंनीं त्यावर लख्ख प्रकाश पडतो, व पुढून-मागून कॅमेरे त्याचें चित्र घेतात. संगणक तें चित्र ठरविलेल्या नमुन्याशीं ताडून पाहतो. डाग, करपट किंवा सालीचा अंश दिसला तर खालच्या बाजूस असलेली बारीक झडप क्षणार्धांत उघडते, दाबलेल्या हवेचा एक फुंकर नेमका त्याच गरास लागतो, आणि तो वेगळ्या पेटींत उडून पडतो. शेजारच्या गरास धक्का लागत नाहीं. हें सर्व पापणी लवण्याच्या आंत होतें. आम्ही पाऊण तास तेथें उभे होतों, व कारखान्यांतील मंडळींस आमच्या या खुळाचें हंसूं येत होतें.

परंतु डोळा दिला तरी तारतम्य माणसासच द्यावें लागतें. डाग किती मोठा असला म्हणजे गर बाद करावयाचा, ही मर्यादा यंत्रावर बसणारा माणूस नेमून देतो. मर्यादा कडक केली तर चांगला गरही फुंकला जातो. सैल केली तर डागी गर चांगल्यांत शिरतो व गिऱ्हाईक माल परत करतें. अलीकडच्या यंत्रांत ही मर्यादा आंकड्यांनीं न सांगतां, चांगल्या-वाईट गरांचीं हजारों चित्रें दाखवून यंत्रास 'शिकवितात'. ज्या मालाचीं चित्रें दाखविलीं त्या मालास तें उत्तम ओळखतें. निराळ्या प्रांतांतला, निराळ्या ठेवणीचा गर आला कीं पुन्हां शिकवावें लागतें. शाळेंतल्या मुलाहून यांत फारसें निराळें कांहीं नाहीं.

शेतकऱ्याच्या दृष्टीनें या डोळस यंत्राचा एक परिणाम महत्त्वाचा आहे. पूर्वीं ढेकण्या किडीनें डंख मारलेल्या बीचा काळा ठिपका गरावर असला तरी हातनिवडींत तो कांहीं अंशीं खपून जाई. आतां प्रत्येक ठिपका मोजला जातो, आणि कोणत्या गांवच्या मालांत किती डागी गर निघाला हें यंत्राच्या नोंदींत राहतें. पालवी व मोहोर येतांना आपण ढेकण्याकडे दुर्लक्ष केलें तर त्याची वसुली पुढल्या वर्षीं भावांतून होते. निवडीनंतर गराची प्रत ठरते ती एका पौंडांत किती गर बसतात यावरून. 'डब्ल्यू-१८०' म्हणजे पौंडास सुमारें १७० ते १८० अखंड गर. 'डब्ल्यू-२१०', 'डब्ल्यू-२४०', 'डब्ल्यू-३२०' हे आंकडेही असेच वाचावे. आंकडा जितका लहान तितका गर मोठा व भाव चढा. वेंगुर्ला-७ चा गर पहिल्या प्रतींत बसूं शकतो. गांवठी झाडाच्या बारीक बीचा गर खालच्या प्रतींत जातो.

मोठा कारखानदार बी विकत घेतांना तिची परीक्षा कशी करतो, हें आमच्या पुष्कळ सभासदांस ठाऊक नसतें. महसूल खात्यांत असतां आम्हीं पीक कापणीचे प्रयोग अनेक वर्षें पाहिले. शेतांत ठराविक मापाचा तुकडा आंखून त्यांतलें भात कापावयाचें, झोडून वजन करावयाचें, व त्यावरून गांवाची पैसेवारी ठरवावयाची. काजूची परीक्षा अगदीं याच जातीची आहे. गोण्यांच्या निरनिराळ्या थरांतून थोडी थोडी बी काढून मिसळतात व त्यांतून १ किलो नमुना घेतात. बिया मोजतात, सर्व फोडतात. चांगला गर एका बाजूस, डागी किंवा अर्धवट भरलेला दुसऱ्या बाजूस, व सडका अगर पोकळ तिसऱ्या बाजूस ठेवितात. चांगल्याचें वजन पूर्ण धरतात, डागीचें अर्धें, तिसऱ्याचें शून्य. ही बेरीज ८० किलोच्या गोणीस लावून पौंडांत सांगण्याचा जुना प्रघात आहे.

एक उदाहरण करूं. धरा कीं १ किलो नमुन्यांत चांगला गर २६० ग्रॅम व डागी २० ग्रॅम निघाला. डागीचे अर्धे १० धरून बेरीज २७० ग्रॅम. ८० किलोच्या गोणीस २१,६०० ग्रॅम. पौंड म्हणजे सुमारें ४५३.६ ग्रॅम, म्हणून ४७.६ पौंड. दुसऱ्या गोणींतील नमुन्यांत चांगला गर २२० ग्रॅम व डागी ३० ग्रॅम निघाला तर बेरीज २३५ ग्रॅम, म्हणजे गोणीस ४१.४ पौंड. या दोन गोण्या वरून सारख्याच दिसतात, कांट्यावर सारख्याच भरतात, व दोहोंत गराचें अंतर २ किलो ८०० ग्रॅमचें आहे! नाक्यावरील दुकानदार दोन्हींस एकच भाव देतो, कारण तो ही परीक्षा करीत नाहीं. पहिल्या गोणीचा मालक दुसऱ्याचें नुकसान भरून देत आहे, असा त्याचा अर्थ होतो. घरच्या कांट्यावर कोणासही ही परीक्षा करतां येते. आपल्या गोणींत काय आहे हें घेणारास ठाऊक व विकणारास नाहीं, अशा स्थितींत आजवर कोणाचेंही भलें झालेलें नाहीं.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. बी झाडाखालीं पडूं द्यावी, मग वेंचावी, हा नियम सर्वांस पाठ आहे; परंतु चोरांच्या व माकडांच्या भयानें बोंडासकट तोडून, पिळून, त्याच दिवशीं दुकानीं नेण्याची रीत कांहीं सुटत नाहीं. (ओले काजूगर उसळीसाठीं विकावयाचे असतील तर गोष्ट वेगळी, तो निराळा व्यापार आहे व त्यास भावही निराळा पडतो.) ओली बी विकली तर वजन जास्त भरतें, म्हणून तींत फायदा आहे असें कित्येक समजतात. हा हिशेब कागदावर मांडून पाहावा. १०० किलो बींत शेंकडा १६ ओलावा असेल तर कोरडा अंश ८४ किलो. तीच बी शेंकडा ८ ओलाव्यापर्यंत वाळविली तर तिचें वजन ९१.३ किलो होतें. म्हणजे ८.७ किलो पाणी गेलें. ओल्या बीस किलोस १०० रुपये मिळत असतील (हा भाव केवळ हिशेबाच्या सोयीकरितां धरला आहे), तर वाळलेल्या बीस ११० रुपये मिळाल्यासच वाळविण्यांत तोटा नाहीं, व त्याहून वर मिळेल तोच मेहनतीचा मोबदला. नाक्यावर हें दहा रुपयांचें अंतर मिळत नाहीं अशी तक्रार आम्हीं ऐकली आहे, व ती खोटी नाहीं. पण घेणारा मूर्ख नसतो. ओलावा मोजण्याचें साधन नसल्यामुळें तो अंदाजानें कापतो, आणि अंदाज नेहमीं स्वतःच्या बाजूनें करतो. शिवाय ओली बी त्यास पावसाळ्यांत ठेवतां येत नाहीं; गर काळवंडतो. म्हणून ती तो लगेच पुढें ढकलतो व तीही पडत्या भावानें. दोन-तीन कडक उन्हें दिलेली बी हातांत घेऊन हालविली तर आंत गर वाजतो, व नखानें टरफलावर ओरखडा उमटत नाहीं. ही जुनी खूण बरोबर आहे. परंतु कारखान्याशीं व्यवहार करतांना खुणेपेक्षां मापकाचा आंकडा अधिक चालतो.

येथें बायकांच्या रोजगाराविषयीं लिहिल्यावांचून पुढें जाणें आम्हांस बरें वाटत नाहीं. आमच्या गांवागांवांत कित्येक घरांची चूल काजूच्या कामावर चालते. यंत्र आलें म्हणजे फोडणारणीची संख्या घटते, हें स्पष्ट आहे, व यंत्र विकणारे लोक तें स्पष्ट बोलत नाहींत. त्याचबरोबर दाहक तेलांत हात घालून दिवस काढावा, असें काम आपल्या मुलीनें करावें अशी इच्छा त्यांपैकीं एकाही बाईची आम्हांस आढळली नाहीं. दाबलेल्या हवेनें साल काढणाऱ्या यंत्रांतूनही कांहीं गर सालीसह बाहेर येतात, आणि ते हातानेंच साफ करावे लागतात. डोळस यंत्राच्या मागेंही शेवटची नजर माणसाचीच असते. हीं कामें कोरडीं व स्वच्छ आहेत. परंतु दहा जणींच्या जागीं तेथें तीन-चारच लागतात. उरलेल्यांनीं काय करावें, याचें समाधानकारक उत्तर आमच्यापाशीं नाहीं. बी चाळणें, वाळविणें व परीक्षा करणें हें काम कारखान्यांतून गांवांत आलें तर कांहींचा हंगामापुरता प्रश्न सुटेल, एवढेंच म्हणतां येतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आमचें मत असें आहे कीं, फोडण्याचें मोठें यंत्र संस्थेनें आज घेऊं नये. त्यास तीन फेजची अखंड वीज पाहिजे, वाफेकरितां बॉयलर पाहिजे, दुरुस्तीस माणूस जवळ पाहिजे. आणि फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत आलेली बी वर्षभर पुरवून चालविण्याइतका सांठा व भांडवल पाहिजे. यांतलें कांहीं अशक्य आहे असें नव्हे, पण तें दुसरें पाऊल होय. पहिलें पाऊल स्वस्त आहे. फिरत्या पिंपाची एक चाळणी घ्यावी. तिला क्रमानें वाढत्या आकाराचीं भोकें असतात, उदाहरणार्थ १८, २०, २२ व २४ मिलिमीटर. हातानें फिरविली तरी चालते, व जवळच्या लोहाराकडूनही ती करून घेतां येईल. बी तींतून गेली म्हणजे आकारवार वेगळी होते. तिच्या जोडीस ओलावा मोजण्याचें एक लहान यंत्र, एक बारीक वजनाचा कांटा, आणि सिमेंटचें एक खळें एवढें असलें कीं पुरे. फोडणाऱ्या यंत्रास जे डोळे नाहींत ते या चार वस्तूंनीं आपण त्यास देऊं शकतों. आणि डोळे देणारास त्याची मजुरी मागण्याचा हक्क आहे. चाळलेली, शेंकडा ८ ओलाव्याची, गर-परीक्षेचा आंकडा लिहिलेली पन्नास गोण्या बी एकदम घेऊन गेलेली संस्था, आणि दोन पिशव्या घेऊन नाक्यावर उभा राहिलेला एकटा मनुष्य, यांच्याशीं व्यापारी एकाच सुरांत बोलत नाहीं.

ज्यांच्या बागा ३ जून २०२० च्या निसर्ग वादळांत मंडणगड-दापोलीकडे उन्मळून पडल्या, त्यांपैकीं कांहींची नवी लागवड अजून चालू आहे. त्यांस आमची एक सूचना आहे. एका हिश्शांत होतां होईतों एकाच जातीचीं कलमें लावावीं. दुसरी जात लावावयाची झाल्यास ती वेगळ्या हिश्शांत लावावी, व वेंचणीच्या वेळीं टोपल्याही वेगळ्या ठेवाव्या. जुनीं गांवठी झाडें तोडावीं असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांची बी निराळ्या गोणींत भरावी म्हणजे झालें.

वाळविलेली बी ज्यूटच्या गोणींतच भरावी. खताच्या रिकाम्या प्लास्टिक पिशव्यांत ती घाम धरते. गोण्या जमिनीवर न ठेवतां फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतरावर रचाव्या. प्रत्येक गोणीस जात, चाळणीचें माप व वाळविल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधावी. चाळणीचा आराखडा ज्यांस पाहिजे असेल त्यांनीं संस्थेच्या कार्यालयांत समक्ष येऊन पाहावा. एक नमुना तेथें तयार करून ठेविला आहे, व घरची दोन-तीन किलो बी बरोबर आणल्यास ती तेथेंच चाळून व फोडून दाखविण्यांत येईल.